म्हणजे काय?

दवंडी देऊन झाली की सारं गाव ज्यांना मामा म्हणे ते आमचे दवंडीवाले डावा हात कानामागे धरून उभे राहत. तुम्ही म्हणाल, ओरडणाऱ्या माणसानं हात तोंडाशी धरावा. मामांचा हात कानाशी असे. समोरच्या आळीतून कुणीतरी "ऐकलं मामा!" असं म्हणेपर्यंत ते जागचे हलत नसत. मग डफ काखेत, आणि पुढचा कोपरा.

शेवटचं वाक्य त्यांचं ठरलेलं असे. हुकूम म्हशींचा असो, गटाराचा असो की घरपट्टीचा. "आयकलं त्यानं सांगा, नाय आयकलं त्यानं इचारा!"

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण बाकीचं सगळं मी लिहीत असे, असा त्या काळी माझा समज होता.

आगगाडी ठाण्याला येऊन बरीच वर्षं झाली होती आणि गाव भराभर वाढत होतं. तळ्याच्या अंगाला कारकुनांच्या चाळी उठत होत्या. कोकणातून कुणी, घाटावरून कुणी, असे सगळे येऊन नौपाड्याच्या शेतांकडे सरकत होते. एवढी माणसं एकत्र आली की घाण, पाणी, कुत्री, शेजाऱ्याचं सांडपाणी असे प्रश्न आलेच. त्यांचा बंदोबस्त करायला एक कमिटी होती. कमिटीचे हुकूम मराठीत उतरवण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते गावात ओरडण्याचं मामांकडे.

मी शास्त्र्यांकडे थोडं संस्कृत शिकलो होतो. थोडं शिकलेला माणूस फार धोक्याचा. माझा पहिला हुकूम मला अजून पाठ आहे. 'सार्वजनिक जलाशयाच्या सन्निध चतुष्पादांचे प्रक्षालन करणारा इसम दंडास पात्र होईल.' प्रक्षालन हा शब्द सुचला त्या दिवशी मी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मामांना वाचता येत नव्हतं. मी मजकूर वाचून दाखवायचा, त्यांनी डोळे मिटून ऐकायचा, आणि डोळे उघडून एकच विचारायचं, "म्हंजी काय, भाऊ?"

"म्हणजे काय म्हणजे? तळ्यात म्हशी धुवायच्या नाहीत!" मी वैतागून म्हणायचो.

"मंग ठीक हाय."

आणि टेंभी नाक्यावर उभे राहून ते ओरडले, "तल्यान म्हशी धुवू नका हो! तेच पान्यान तुमचा भात शिजतंय!"

लोक हसले, आणि म्हशी खाडीकडे गेल्या. माझं प्रक्षालन कागदातच राहिलं.

मामा मूळचे मिठागरातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खाडीकाठच्या बांधावर काढली. भरतीचं पाणी चढू लागलं की बांधाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारायची, म्हणजे तिकडचा गडी पाण्याचं दार लावून घेई. "हाक मारली म्हंजी झालं नाय, भाऊ," ते एकदा मला म्हणाले. "आयकली का, ते बघाय लागतं. तिकरून कोन बोललं नाय त धावाय लागतं. नाय त मीठ गेलं." कानामागचा हात तिथून आलेला होता. आम्ही त्याला बहिरेपणा समजत होतो.

कोपऱ्यागणिक त्यांची दवंडी बदलायची. बाजारात गुजराती व्यापाऱ्यांपुढे "सांभळो भाई" करून सुरुवात व्हायची. कोळीवाड्यात ते आधी भरतीची चौकशी करत, मग हुकूम सांगत. आमच्या कारकुनांच्या आळीत आवाज थोडा खाली यायचा, कारण दुपारी आमच्यातले निम्मे आजारी म्हणून रजा घेऊन झोपलेले असत, आणि मामांना ते ठाऊक होतं.

आमच्या आळीत मामांना ओ देण्याचं काम आमच्या घरातून होई. हातातलं काम टाकून आमचं कुटुंब खिडकीशी जायचं आणि पडद्याआडून, बेतानं, "ऐकलं मामा" म्हणायचं. एकदा माझ्या हुकुमाचा कच्चा कागद तिच्या हाती लागला. तिला कामापुरतं वाचता येत होतं, ते मीच शिकवलं होतं. तिनं दोनदा वाचला.

"हे तुम्ही लिहिता?"

"हो," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

"मग मामा सांगतात ते कोण लिहितं?"

देवी टोचायच्या वेळची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. टोचणारे डॉक्टर येणार होते आणि गावात घबराट होती. आया पोरं घेऊन नातेवाइकांकडे पळायच्या बेतात होत्या. मी 'अर्भकांच्या संरक्षणार्थ' असा कळवळ्याचा मजकूर लिहिला होता. मामांनी तो ऐकला, "म्हंजी काय?" विचारलं आणि गेले. पेठेत बायकांच्या घोळक्यासमोर उभे राहिले. डफ वाजवलाच नाही. डोक्याचं फडकं काढलं आणि तोंड पुढं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, एक डोळा निम्मा मिटलेला.

"माझं तोंड बघा," ते म्हणाले. "असं पायजे? नाय ना? मंग उद्या पोरां घेऊन या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा हात दुखेपर्यंत पोरं आली. कमिटीनं माझ्या परिणामकारक भाषेबद्दल समाधान व्यक्त केलं. ते मी ठेवून घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढं केलं ते मीच.

एका गटाराच्या हुकुमाच्या वेळी मला दुर्बुद्धी झाली. माझा कागद हातात घेऊन मी मामांच्या मागून चार कोपरे फिरलो. माझे किती शब्द वाचतात, ते मला पाहायचं होतं. दोन वाचले. 'उद्या' आणि 'सकाळी'. कचेरीत आल्यावर मी कमिटीच्या चिटणीससाहेबांना हे हसत हसत सांगितलं. माझ्याच फजितीचा किस्सा म्हणून सांगितला, हे देवाशपथ खरं. शेवटी टाळी घ्यायच्या सुरात म्हणालो, "साहेब, गावात हुकूम कमिटीचा चालत नाही, मामांचा चालतो!"

चिटणीससाहेब हसले नाहीत.

"हुकुमात फेरफार करतो?"

"फेरफार म्हणजे, साहेब, आपलं..."

"किती दिवस चाललंय हे?"

इथं मी बोलायला हवं होतं. तो अर्थ मीच त्यांना सांगतो, ते फक्त मोठ्यानं म्हणतात, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण तसं म्हटलं तर प्रश्न आला असता, की मग कागदावर ते का लिहीत नाहीस? मी दौतीतली शाई पाहत राहिलो.

आठवड्याभरात ठरलं. दवंडी बंद. पुढं हुकूम छापून भिंतींना चिकटवायचे. मामांचं काम संपलं. दुसरं काही द्यायला कमिटीकडे नव्हतं. आणि हे गावाला कळवायचं कसं? अर्थातच दवंडी देऊन. मजकूर मी लिहायचा.

मी लिहिला. हाताला तेच वळण लागलेलं होतं. 'सर्व रहिवाशांस विदित व्हावे की, आगामी प्रतिपदेपासून मौखिक उद्घोषणेची वहिवाट रहित होऊन तत्स्थानी मुद्रित विज्ञापने यथास्थळी चिकटविण्यात येतील.'

मामा नेहमीसारखे समोर उकिडवे बसले. डोळे मिटले. मी वाचलं. डोळे उघडले. 'म्हंजी काय' येणार म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. ते यायचं नव्हतं. त्यांना कचेरीतल्या शिपायानं आधीच सांगितलं होतं.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"परत."

पाच वेळा वाचलं. मग त्यांनी ते मला म्हणून दाखवलं. एक शब्द सुटला होता, तो माझ्याकडून नीट करून घेतला. उठताना म्हणाले, "सायबाला सांगा, फेरफार होनार नाय."

त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आलो. आमची आळी मामांच्या फेरीत शेवटची. ओटीवर बसलो होतो. डफ वाजला, कुटुंब खिडकीशी गेलं. मामा कोपऱ्यावर उभे राहिले आणि खड्या आवाजात त्यांनी माझा मजकूर म्हटला. सबंध. आयुष्यभर पाण्याला 'पानी' म्हणणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून 'उद्घोषणेची'मधला ण असा स्वच्छ आला, की शास्त्र्यांनी पाठ थोपटली असती. 'यथास्थळी'तला ळही जागच्या जागी होता. शेवटचं ते वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ते मजकुरात नव्हतं.

मग हात कानामागे धरला.

आळीत कुणी बोललं नाही. एक खिडकी उघडली होती, तीही कुणी हळूच लावून घेतली. शब्द मोठे होते. कुणाच्या तरी घरावर जप्ती असेल, असं लोकांना वाटलं असावं. मामा उभेच. बाकीच्या कोपऱ्यांवरही असंच झालं असणार. या आळीत मजकूर कळलेला माणूस मी एकटा होतो, आणि ओटीवरून 'ऐकलं' म्हणायला पंडिताची गरज नव्हती. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

"मामा, म्हणजे काय हो?" खिडकीतून आमच्या कुटुंबानं विचारलं.

मामांनी हात खाली घेतला. हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "भाऊंना इचारा, वयनी," म्हणाले, डफ काखेत मारला आणि खाडीच्या वाटेला लागले.

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे काय?"

"म्हणजे मामा आता येणार नाहीत," मी म्हणालो. "दवंडी बंद केली."

"कुणी?"

"कमिटीनं." मग, ती बघतच राहिली तेव्हा, "माझ्या बोलण्यावरून."

तिनं पडदा बाजूला केला, खिडकीतून निम्मी बाहेर वाकली, आणि भर दिवसा, आळीतल्या सगळ्या कारकुनांच्या देखत, ओरडली, "ऐकलं हो मामा! ऐकलं!"

एवढा आवाज त्या घरात आहे हे मला लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं.

मामा पार वळणाशी गेले होते. थांबले. मागं न बघता त्यांनी हात कानामागे नेला, मान हलवली, आणि वळणाआड गेले. पुढं ते शीळफाट्याच्या बाजूला लेकीकडे राहायला गेले, असं कळलं. मी भेटायला जाणार होतो. हे मी बरीच वर्षं म्हणत होतो.

प्रतिपदेला गटाराच्या नव्या हुकुमाचा पहिला छापील कागद आमच्या कोपऱ्यावर लागला. चिकटवायची खळ तांदळाची होती. दुपारपर्यंत एका शेळीनं 'सर्व रहिवाशांस' सोडून बाकीचा सगळा हुकूम खाल्ला. उरलेल्या दोन शब्दांपाशी चार माणसं उभी होती आणि मामा कधी येतील, ते एकमेकांना विचारत होती.

त्या हुकुमाची दुसरी प्रत मी स्वतःच्या हातानं लिहिली. 'गटारात राख टाकू नका. पाणी तुंबतं.' शेळीचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचावर ती लावली, आणि कुणी 'ऐकलं' म्हणतं का याची वाट पाहत थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. माणसं वाचून निघून जात होती. मग मीही घरी आलो.