दंडावरचा बिल्ला

गडचिरोलीच्या एका छोट्या दवाखान्यात मी बावीस वर्षं सिस्टर होते. आता घरी तांदूळ निवडता निवडता एकेक पेशंट आठवतो आणि मी एकटीच हसत बसते. सून दारातून बघते आणि मान हलवत निघून जाते! पण इतके किस्से साठले, की ते कुठंतरी बाहेर पडणारच.

दंडावर चिकटवायचा नाण्याएवढा सेन्सर आला, तेव्हाची तर गंमतच. चौदा दिवस शरीरातली साखर मोजत राहायचा. मोबाइल जवळ नेला की ग्राफ हजर! लोक त्याला बिल्ला म्हणायचे.

*

पहिला बिल्ला रफिकभाई टेलरना लावला. दुसऱ्याच दिवशी शर्टाच्या बाहीला गोल भोक पाडून, त्याला सुंदर काज करून हजर!

"भाई, हे काय?"

"मशीनले हवा नाई लागली तं चालन कशी, सिस्टर?"

डॉक्टरांनी समजावलं, याची गरज नाही. पण आठवडाभरात आमचे आणखी चार पेशंट तशाच बाह्या शिवून आले.

*

डोमाजीभाऊंनी बिल्ला लावल्या दिवसापासून डायबेटिसच्या गोळ्याच बंद केल्या. ग्राफ आभाळाला! डॉक्टर चिडून खुर्चीतून उठले.

भाऊ शांत. "बिल्ला लावला ना साहेब? मंग गोळी काऊन? दोन औषधं एका टायमाले मी घेत नाई!"

डॉक्टर मटकन खाली बसले आणि हसत सुटले. पुढं वयानं डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. त्या हसण्याची फार आठवण येते.

*

आणि धानोऱ्याकडच्या शेवंताबाई! मोहाच्या दिवसांत पहाटे गोळी घेऊन, रिकाम्या पोटी फुलं वेचायला जायच्या. दोनदा मोहाखालीच चक्कर येऊन पडल्या. गावानं काय समजायचं? बाई मोहाची दारू पिऊन पडली! नवऱ्यालाही ते पटलं. त्यानं बोलणंच टाकलं.

"थेंब नाई घेतला सिस्टर, पण माह्यं कोणी ऐकून नाई राह्यलं," म्हणून त्या रडायच्या. मलाही रडू यायचं.

डॉक्टरांनी बिल्ला लावला. चौदा दिवसांनी नवऱ्याला बोलावून ग्राफ समोर धरला. रोज सकाळी, मोह वेचायच्या वेळी, साखर धडाधड खाली!

"दारू नाही भाऊ, उपाशीपोटी गोळी. साखर अजून उतरली असती तर बाई हातची गेली असती."

नवरा मान खाली घालून बसला. गोळी खाल्ल्यावरच घ्यायची असं ठरलं आणि दुसरा बिल्ला लावला.

पुढच्या खेपेला सकाळची रेघ एकदम वर! डॉक्टर चक्रावले. "बाई, सकाळी खाता तरी काय?"

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे रोज माह्या आंधी उठून गुळाचा चहा करून देऊन राह्यले. वीस वर्षांत पयल्यांदा! नाई कशी म्हणू?"