डिंपनाची परवानगी

डिंपना टॅन्सीची मालमत्ता म्हणजे स्लायगोच्या डोंगराखालचं दगडी घर, चार ओलसर कुरणं आणि एक पाणंद. त्या पाणंदीतून शेजारचा मॅलकी स्कॅनलन मेंढ्या आपल्या वरच्या कुरणात न्यायचा. दुसरी वाटच नव्हती त्याला. डिंपनाच्या वडिलांनी मरताना देवाचं नाव घेतलं नाही, लेकीला कायदा सांगितला. "न विचारता, न अडवता कुणी वर्षानुवर्षं गेला, की वाट त्याची होते. तू परवानगी देत राहा. परवानगीनं चालणाऱ्याला हक्क मिळत नाही."

म्हणून दर नाताळच्या दुसऱ्या दिवशी डिंपना फाटकात उभी राहायची आणि मेंढ्या दिसल्या की बेंबीच्या देठापासून ओरडायची, "जा रे मॅलकी, माझी परवानगी आहे!" साक्षीला चर्चच्या फादरना केकची लालूच दाखवून बसवलेलं असायचं. मॅलकीही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. कानांत बोटं घालून तो बेसूर गात जायचा. ऐकलीच नाही तर परवानगी लागू कशी होईल, हे त्याचं घरगुती कायदेशास्त्र. परतताना मात्र त्याच केकवर ताव मारायचा.

"तुझ्या ओरडण्यानं मेंढ्यांची लोकर झडते," तो म्हणायचा.

"आणि तुझ्या गाण्यानं उगवते होय, मेल्या?"

गेल्या उन्हाळ्यात डब्लिनहून पुतण्या कॉर्मक आला. डिंपनामागे सगळं त्याचंच. पाणंदीच्या तोंडाशी उभा राहून हातवारे करू लागला.

"आत्या, इथे विजेचं फाटक बसवायचं. आत पाहुण्यांसाठी खोल्या."

"आणि मॅलकीच्या मेंढ्या काय उडत जाणार?"

"त्याला नुसती परवानगी आहे. ती तुझ्याबरोबर संपणार. फादरसमोर दरवर्षी ओरडून तूच तर सिद्ध केलंयस!"

डिंपनाला स्वतःच्या घशाचा पहिल्यांदाच राग आला. मॅलकीला छळण्यात तिनं हयात घालवली होती. हा कालचा पोरगा त्याला फुकटात छळणार, हे तिला सहन होईना. तिनं वकील गाठला आणि मॅलकीला, त्याच्यामागून ते कुरण ज्याचं होईल त्यालाही, वाटेचा हक्क कायमचा लिहून, नोंदवून दिला. सही करताना मॅलकीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नाक मात्र सारखं शिंकरत होता.

नाताळचा दुसरा दिवस उजाडला. ओरडायला आता काही उरलं नव्हतं आणि डिंपनाला भयंकर चुकल्यासारखं वाटत होतं. सवयीनं केक तेवढा केला होता. इतक्यात दारावर थाप पडली. मॅलकी टोपी हातात घेऊन उभा, मागे मेंढ्या.

"डिंपना, जाऊ का गं?"

"विचारतोस काय गाढवा? हक्क आहे तुझा!"

"ते ठाऊक आहे मला. पण जाऊ का?"

डिंपनानं कंबरेवर हात ठेवले. परवानगी मोडू नये म्हणून जन्मभर जे म्हणायची सोय नव्हती, ते आज बेंबीच्या देठापासून ओरडली.

"नाही!"

मॅलकी पोट धरून हसला आणि मेंढ्या घेऊन वर गेला. तो परत येईपर्यंत तिनं केक कापून ठेवला.