मागे ठेवलेलं पान

बस डेपोच्या भांडाराला एक खिडकी होती आणि तिच्याआड स्टोअरकीपरांची उभी हयात गेली. मेकॅनिकनं तीन वस्तू मागितल्या की ते दोनच द्यायचे. तिसरी मागच्या फळीवर पडलेली असली तरी, "उद्या बघू." सगळं एकदम हातात दिलं की माणूस पाठ फिरवून चालू लागतो; एक वस्तू मागे ठेवली की परत येतो, चहाला बोलावतो, बायकोपोरांची चौकशी करतो. ही त्यांची कमावलेली अक्कल. मेकॅनिक पाठीमागे शिव्या घालत, पण तोंडावर साहेब म्हणत, आणि साहेब तेवढ्यावर खूश असत.

मुलगा परदेशी नोकरीला गेला तेव्हा घरात एक प्रिंटर ठेवून गेला. छापणं, कॉपी काढणं, स्कॅन करणं, सगळं एकाच डब्यात. "मूळ कागद इथंच राहू देत बाबा. लागतील तसे स्कॅन करून पाठवा." पहिली काही वर्षं त्याचा दर रविवारी फोन यायचा. मग त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि रविवार हळूहळू सुटले. पुढे फोन यायचा तो कागद लागला तरच. कधी गुणपत्रिका, कधी जन्मदाखला, कधी लहानपणी टोचलेल्या लशींचं कार्ड. आधी कागदाचं बोलणं व्हायचं, आणि ते आटोपलं की शेवटची दोन मिनिटं फोन आईच्या हातात. तेवढ्यासाठी ती बिचारी गॅस बंद करून शेजारी उभी राहायची.

मशीन जिवंत तोवर फोन जिवंत, हे स्टोअरकीपरांनी ओळखलं आणि ते त्या डब्याची सेवा करू लागले. झाकणाची बिजागरी तुटली तेव्हा वर इस्त्री ठेवली. कागद ओढणारं रबर घसरायला लागलं तेव्हा ते ओल्या फडक्यानं पुसून एकेक कागद हातानं सरकवू लागले. शाई संपली की हे यंत्रमहाशय स्कॅनही करून देत नसत, म्हणून कपाटात जादा शाई. ती वाळू नये म्हणून दर आठवड्याला नातीचा तोच एक रंगीत फोटो छापायचा. पिवळा रंग हळूहळू उमटेनासा झाला होता, त्यामुळे नात दर वर्षी जास्त निळी पडत चालली होती.

"गारठली की हो पोर," बायको म्हणायची. "आता तरी फेका तो खोका."

दुरुस्तीवाला तर हात जोडून म्हणाला होता, "काका, याला आता मूठमाती द्या." स्टोअरकीपरांनी त्याला पुन्हा घरात घेतलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दोन पानी कागद मागितला की ते दोन्ही पानं स्कॅन करायचे आणि पाठवायचे एकच. "मशीन अडकलंय रे, दुसरं उद्या." म्हणजे उद्या पुन्हा फोन. बायकोनं एकदा विचारलंसुद्धा, "पाठवून का टाकत नाही?" त्यावर ते नुसते हसले. आपण पोराला कसं बांधून ठेवलंय, याचा त्यांना मनातून अभिमान वाटत होता.

मग मुलगा आला, एकटाच, चार दिवसांसाठी. पहिल्याच संध्याकाळी त्यानं कपाटातले सगळे कागद पलंगावर मांडले आणि खिशातल्या फोननं एकेकाचा फोटो काढायला लागला.

"अरे, मी मशीन चालू करून ठेवलंय," फडकं हातात घेऊन स्टोअरकीपर म्हणाले.

"नको बाबा. यावर होतं."

"कडा कापल्या जातात."

"नाही जात."

नाहीच गेल्या. इकडे प्रिंटर अजून घरघरत जागा होत होता, तोवर तिकडे निम्म्या कागदांचे फोटो काढून झाले होते. स्टोअरकीपरांच्या जिवाला ते फार लागलं. "गरज सरो, वैद्य मरो," ते बोलून गेले.

मुलानं फोन खाली ठेवला. "बाबा, आमच्या लग्नाच्या दाखल्याचं दुसरं पान आठवतं? सही-शिक्क्याचं? हिच्या कामाच्या परवान्यासाठी मागितलं होतं."

"मशीन अडकलं होतं तेव्हा."

"तुमचं मशीन फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ घालतं. दोन्ही पानं एकाच दुपारी स्कॅन झाली होती. दुसरं तुम्ही मी पुन्हा फोन केल्यावर पाठवलंत. मी त्या दिवसांत बाकीच्या कागदांसाठी रोज परवान्याच्या कचेरीच्या दारात उभा होतो, लगेच पुन्हा फोन करायचं भानच नव्हतं. मुदत गेली. ही वर्षभर घरी बसली. हातातली नोकरी गेली ती गेलीच."

आई दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांनी प्रिंटरकडे.

"मग तेव्हाच का नाही बोललास?" स्टोअरकीपर कसेबसे म्हणाले.

"कसा बोलणार? पुढच्या वेळी पुन्हा तुमच्याकडेच मागायचं होतं ना." त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. त्यानं उरलेले कागद संपवले, नीट घड्या घालून कपाटात ठेवले आणि कपाट लावून घेतलं.

तो गेल्यावर फोन थांबले. पोचल्याचा निरोप आला, तोही लेखी. स्टोअरकीपरांनी नातीचा फोटो छापणं सोडलं नाही. बायकोनं मात्र त्यावर बोलणं सोडलं. जेवताना वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची, बस. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला. बायकोनं गॅस बंद केला आणि ओले हात पुसत शेजारी येऊन उभी राहिली.

"काही कागद लागला तर सांग रे. मशीन अजून चालतंय."

"आता काही लागणार नाही बाबा. सगळं आहे माझ्याकडे. ठेवू? कामात आहे जरा."

"बरं, बरं," ते म्हणाले.

बायकोनं फोनसाठी हात पुढे केला होता.

"ठेवला त्यानं," स्टोअरकीपर म्हणाले.

"आणि माझं बोलणं?" ती म्हणाली. "मी काय मागे ठेवलं होतं त्याचं?"