शेवईच्या टोकाएवढी शीर

मंडळी, आत्ताच एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलेय. तुम्हाला सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरणार नाही.

हडपसरची एक मुलगी, वेळेआधीच जन्मलेली. सलाईनसाठी शीर सापडेना. काल टोचून टोचून तिचे हातपाय काळेनिळे झाले होते.

आज सोनोग्राफी लावली. गार लागून दचकू नये म्हणून जेल आधी मुठीत कोमट केलं. मग सुईकडे नाही, पडद्याकडे बघायचं. शेवईच्या टोकाएवढा काळा ठिपका, तीच शीर! त्यात सुईचं चमकतं टोक अलगद शिरलं. बापरे, काय दिसतं ते!

दाराबाहेर तिची आई उभी होती. "डॉक्टर, आज ती रडली कशी नाही? काही झालं का हो?"

"टोचून झालंसुद्धा. झोपलीये ती."

मग आईच रडली.

जन्मताना बाळ रडावं म्हणून आपण कान लावून बसतो. ते रडलं नाही म्हणून सुखावलेली आई पाहिलीये कुणी?