रिकामी वाटी

विजयश्रीला कोळशाची भीती कधी वाटली नव्हती. भोसरीतल्या एका खासगी लॅबमध्ये ती कोळसा जाळायची, राख आम्लात विरघळवायची आणि ते पाणी यंत्राच्या ज्योतीत सोडायची. प्रत्येक धातूचा दिवा वेगळा. शिसं शोधायचं तर शिशाचा दिवा लावायचा. ज्योतीतलं शिसं त्याचा जेवढा उजेड गिळेल, तेवढा आकडा वर. घरी कुणी विचारलं की ती सांगायची, "कोळशाच्या पोटातलं काढते मी."

दसऱ्यानंतर आलेला नमुना मात्र चाकणजवळच्या तिच्या सासरच्या घराला लागून असलेल्या कंपनीचा होता. त्याच बॉयलरची काजळी तिच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, आणि त्याच अंगणात तिची दोन वर्षांची मुलगी आरोही दिवसभर लोळायची. शिशाचा आकडा एवढा चढला की विजयश्रीचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा मोजलं. आकडा हलेना. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं, हे तिला कॉलेजपासून पाठ. आरोही अजून धड बोलत नाही, खायला नको म्हणते, उगाच किरकिरते, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. भीती मोठी चिवट. एकदा शिरली की साध्या सर्दीलाही सोडत नाही.

घाबरून तिनं स्वतःचं काम तपासलं, तेव्हा चूक सापडली. कोळसा न घालता चिनी मातीची रिकामी वाटीही भट्टीत ठेवून मोजायची असते. भांड्यातलं, आम्लातलं शिसं त्यावरून कळतं. तिनं रिकाम्या वाटीची खंडेनवमीच्या आधीचीच जुनी मोजणी धरली होती. आता तिनं नवी वाटी ठेवली. रिकाम्या वाटीतही जवळजवळ तेवढंच शिसं निघालं.

म्हणजे कोळशाचा दोष नव्हता. विजयश्री स्टुलावर बसून सरळ रडली. लॅबचे शिपाई रंगराव पाणी घेऊन आले.

"भट्टीतूनच येतंय काहीतरी," ती म्हणाली.

रंगराव ओशाळले. खंडेनवमीला यंत्रांची पूजा त्यांनीच केली होती. भट्टीच्या दाराला आतून-बाहेरून केशरी बोटं ओढलेली होती आणि उष्णतेनं त्यांचे पापुद्रे सुटले होते.

"कुंकू संपलं होतं, मॅडम. तुमच्या सासूबाईंनी पूजेसाठी पाठवलेला शेंदूर होता ना, तोच लावला."

जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशाचाच करतात, हे विजयश्रीला ठाऊक होतं. देवापुढच्या डबीकडे मात्र तिनं त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

"चला, कंपनीवाले सुटले," रंगराव हसून म्हणाले.

तिनं घरी फोन लावला. "आई, मारुतीला शेंदूर लावल्यावर हात धुता ना?"

"धुते की," सासूबाई कौशल्याबाई म्हणाल्या. "आदी पोरीला गूळ-खोबरं भरवते, मंग धुते. रोज बोट चाटल्याबिगर सोडत न्हाई ती."

मागे आरोही खिदळत होती.

"तिला घेऊन आत्ताच राजगुरुनगरच्या दवाखान्यात निघा," विजयश्री म्हणाली. "रक्त तपासायचंय. मी येतेय."