दैवशालाचे महिने मोजणारी माणसं

दैवशाला माझी धाकटी भावजय. आमच्या गावात, चुडाव्यात, तिचं नाव निघालं की लोक आधी तिच्या पोटाबद्दल बोलतात, आणि माझं डोकं तिथंच फिरतं.

शहाऐंशी साली तिचे पाय गेले. आधी मुंग्या, मग चप्पल निसटली तरी कळेना, मग एका डोळ्यानं अंधुक. मी तिला रेल्वेनं हैदराबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला, नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी गुण आला, खोटं कशाला बोलू. महिन्याभरात ती भिंत न धरता चालायला लागली. पण या गोळ्यांनी अंगाचं काय होतं, मधेच सोडल्या तर काय होतं, यावर त्या शहाण्यानं तोंड उघडलं नाही.

दसऱ्यानंतर माझा भाऊ वैजीनाथ ऊसतोडीला गेला. इकडे दैवशालाचं तोंड गोल टम्म झालं. पोट पुढं आलं, हातपाय मात्र काड्याच. हनुवटीवर लव आली, पाळी थांबली. नवरा कारखान्यावर आणि बायकोचं पोट पुढं. गावाला आणखी काय पाहिजे?

सुरुवात केली आमच्या चुलतीनं, चतुराबाईनं. ओट्यावर बसून ती बोटांवर महिने मोजायची.

"वैजीनाथ दसऱ्याला गेलाय. मंग हे कवाचं?"

मी म्हटलं, "काकू, गोळ्यांनी सुजलीय ती."

"गोळ्यानं पोट येतंय व्हय गं?" ती म्हणाली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

दैवशालानं ते ऐकलं. मला न सांगता तिनं गोळ्या एकदम बंद केल्या. सूज उतरेल, निदान नाव तरी राहील, एवढंच तिच्या मनात. चार दिवसांत उलट्या सुरू झाल्या. चतुराबाईला तर पुरावाच मिळाला. तिनं लगेच वैजीनाथला सांगावा धाडला.

तो आला. बायको अंथरुणात निपचित पडलेली, आणि यानं उंबऱ्यातूनच विचारलं, "कुणाचं हाय?"

माझा सख्खा भाऊ, तरी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "आधी हिला जीपमधी घाल," मी ओरडले.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून वैजीनाथला समोर बसवून सांगितलं. पोटात मूल नाही. सूज गोळ्यांची, पाळी थांबली तीही त्यांनीच. उलट्या आणि ग्लानी गोळ्या एकदम सोडल्यामुळं. त्या हळूहळूच कमी करायच्या असतात. वैजीनाथ उठला आणि दैवशालाच्या उशाशी जाऊन बसला. दैवशालाचा जीव वाचला, पण पाय पुन्हा गेले ते कायमचे.

आता तरी गावानं लाजायला हवं होतं. दिवस उलटले, मूल झालं नाही, तेव्हा चतुराबाई म्हणाली, "परभणीला नेऊन पाडलं."

हे कानावर आलं तेव्हा दैवशाला रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "अवं, मला काकूच्या ओट्यावर नेऊन बसवा."

त्यानं तिला उचलून नेलं. बायका जमलेल्याच होत्या. दैवशालानं गोळ्यांची पुडी चतुराबाईच्या मांडीवर ठेवली.

"काका जाऊन लय वर्सं झाली न्हवं, काकू? ह्या गोळ्या तुमी बी खा. पोट पुढं आलं की मी मोजते महिने."