पाचवा डबा

माणसं घेऊन जाणाऱ्या अंतराळयानातले कॉम्प्युटर एकमेकांवर कशी नजर ठेवतात, याचं मॉडेल माझ्या वर्गातल्या पाच मुलींनी पुठ्ठ्याचे डबे आणि बल्ब जोडून केलं. ते घेऊन चंद्रपूरच्या प्रदर्शनाला जायचं होतं, दोन रात्री मुक्काम. पोरी हवेतच होत्या. पण आमचं गाव गडचिरोलीच्या जंगलातलं. इथं ग्रामसभेत हात मोजत नाहीत, सगळ्यांचा होकार लागतो. एक जण जरी अडला तरी मुली घरी.

आणि अडलाच. गावातला सगळ्यात म्हातारा, ज्याला सारे आजा म्हणतात.

मी चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, डोकं लवकर तापतं. म्हटलं, आता मॉडेलच दाखवते. "आजा, हे चार कॉम्प्युटर एकच गणित करतेत. एकाचं उत्तर वेगळं आलं, की बाकीचे तिघं त्याले बाजूला सारतेत."

सभा खो खो हसली. आजाही हसला. मग म्हणाला, "अन् चारी एकसंगंच चुकले तं?"

खरं तर त्यासाठी काही यानांत पाचवा असतो. त्याचा प्रोग्राम वेगळ्याच माणसांनी लिहिलेला. आमची वायर संपली म्हणून आम्ही तो गाळला होता. मी तसं सांगून टाकलं.

"तसंच इथी आहे, बाई. ह्या समद्यायनं तुमच्याच तोंडून आयकलं. मुक्कामाची खोली कोनं पाह्यली?"

कोणीच नाही. मीसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आजा स्वतः एसटीने चंद्रपूरला जाऊन आला. "खोलीले आतून कडी नाई," एवढंच बोलला. मी फोनवर आयोजकांशी कचाकचा भांडले आणि खोली बदलून घेतली. ती पाहायलाही आजाच गेला, तेव्हा कुठं होकार आला. पोरींनी त्याला धरून असं नाचवलं, की धोतर सुटता सुटता राहिलं. मीही नाचले. त्याच आनंदात घरच्या जुन्या टेबलफॅनची वायर कापून पाचवा डबा जोडला.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "चार डबे पांढरे, मग हा एकच लाल का?"

आमची सगळ्यात लाजरी मुलगी म्हणाली, "तो आमचा आजा आहे. तो कोनाचं आयकून सांगत नाई, सोता पाहून येते."

आजा आमच्यासोबत आला होता, पण तेव्हा तिथं नव्हता. दुसऱ्या मुक्कामाआधी कडी पुन्हा एकदा लावून पाहायला गेला होता.